दारातला सॅल्यूट

डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. गल्लीतली पोरं आबांना बघून कपाळाला हात लावायची, तेव्हा आबा थांबून विचारायचे, "टोपी कुठाय?" पोरं पळायची. आबा म्हणजे माझे वडील. फौजेत हवालदार होते. पेन्शन घेऊन कोल्हापुरात दोन खोल्यांत राहायला आले, तरी फौज काही त्यांच्यातून पेन्शनीत गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आई म्हणायची. तिला तो पीळ आवडत असावा, असा माझा संशय आहे.

दुसरा नियम असा की खालच्यानं सॅल्यूट केला तर वरच्यानं तो परत द्यायलाच पाहिजे. यावर आबांची एक गोष्ट ठरलेली होती. "मी तवा नवा शिपाई. साहेब समोरनं येत्यात, उजव्या हातावर लेकरू. मी सॅल्यूट मारला. आता साहेब नुसतं हसून गेले असते तर त्यास्नी कोण इचारणार हुतं? पर त्यांनी लेकरू डाव्या हातावर घेतलं, आणि परत दिला." ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की आबांच्या आधी मीच लेकराला डाव्या हातावर घ्यायची.

त्या गोष्टीत एवढं काय आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आमचं मूळ गाव शाहूवाडीकडच्या डोंगरात. आबांचे आजोबा तिथल्या मोठ्या दारापुढे कंबरेत वाकून जोहार घालायचे. पुढे आमच्या घरानं धम्म घेतला, जोहार सुटला, आम्ही एकमेकांना जयभीम म्हणू लागलो. पण लहानपणी बघितलेली ती वाकलेली पाठ आबा विसरले नव्हते. एकदा भाकरी खाता खाता ते म्हणाले, "जोहाराला वरनं उत्तर न्हवतं. आज्जा वाकायचा आणि तसाच माघारी यायचा. फौजत पयल्यांदा सॅल्यूट मारला आन् साहेबानं हात वर केला, तर मला वाटलं माझ्या मागं कोण मोठा माणूस उभा हाय. मी वळून बघितलं. कवायतीच्या उस्तादानं कान पिळला की." एवढं बोलून ते हसले आणि ताकाचं भांडं तोंडाला लावलं.

तिसरा नियम हुकमाचा. एकदा दिलेला हुकूम, दिलेल्यानं किंवा त्याच्या जागेवर आलेल्यानं मागे घेईपर्यंत चालू. मी शाळेत असताना आबा सुट्टीवर आले आणि मागच्या दारात साप निघाला. "ह्या दाराची कडी काढायची न्हाई," असं सांगून ते ड्यूटीवर गेले. साप दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांनी मारला. तरी आई आठ महिने धुण्याची बादली घेऊन पुढच्या दारानं वळसा घालून मागे जात होती. आबा पुढच्या सुट्टीत आले, "आता काढा" म्हणाले, तेव्हा कडी निघाली. आम्हाला यात काही वेडेपणा आहे असं वाटलंसुद्धा नाही.

पेन्शनीनंतर आबा एका बँकेच्या शाहूपुरीतल्या शाखेत गार्ड म्हणून लागले. खाकी कपडे, टोपी, पट्टा आणि दुनळी बंदूक. मी कॉलेजात असताना आई गेली. मग घरात आम्ही दोघंच उरलो, आणि दोघांनाही बोलायची फारशी सवय नव्हती. आई होती तोवर आमचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. "त्यास्नी सांग", "तिला इचार". ती गेल्यावर दोघांच्या मधला माणूसच गेला. मी परीक्षा दिली आणि त्याच बँकेत अधिकारी झाले. पहिली नेमणूक गडहिंग्लजला. चार वर्षं खोली घेऊन राहिले, शनिवारी एसटीनं घरी. मग बदली झाली ती थेट शाहूपुरीत, आबांच्याच शाखेत.

हजर व्हायच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, "दोघांनी संगं जायाचं न्हाई. आणि दारात मी तुझा बाप न्हाई, ध्येनात ठेव."

मला वाटलं, मला संकोच नको म्हणून म्हणताहेत. दुसऱ्या दिवशी गाडी लावून पायऱ्या चढले तर आबांनी टाच टाचेवर आपटली आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. "जयहिंद, मॅडम." दारात पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची रांग होती. सगळ्यांनी माना वळवल्या. काउंटरवरचा एक सहकारी म्हणाला, "काय रुबाब आहे मॅडम. बाप सॅल्यूट ठोकतोय." लोक हसले. वाईट हेतूनं हसले असं नाही. मी मान खाली घालून आत गेले.

हे रोज होऊ लागलं. साडेनऊला मी पायरीवर पाय ठेवायची आणि आबांची टाच वाजायची. बाकीच्या अधिकाऱ्यांनाही ते करतच होते. त्यातले कुणी हसायचे, कुणी "हां, हां" म्हणत सटकायचे. एक जुने मॅनेजर होते, ते पेन धरलेला हात कपाळापर्यंत न्यायचे. तो सॅल्यूट साफ चुकीचा होता, पण आबा त्या साहेबांचं नाव निघालं की अजून सावरून बसायचे. मी मात्र कधी पर्समध्ये काही शोधत जायची, कधी आबा एखाद्या म्हातारीला पायरी चढवत असले की तेवढ्यात आत निसटायची. ते वळून माझ्या पाठीला सॅल्यूट करत होते, हे मला शिपायानं सांगितलं.

शेवटी घरी मी म्हटलं, "आबा, मला नका करत जाऊ."

"तुला कुठं करतोय? तुझ्या खुर्चीला करतोय."

"लोक हसतात."

"हसू देत. तू फकस्त मान हलीव. डोक्यावर टोपी नसंल तर मान हलवली तरी परत दिल्यागत हुतंय. एवढंच."

खरंच एवढंच मागत होते. मान हलवायची. आणि मला ते जमलं नाही. बापापुढे मान वाकवायची असते, हलवायची नसते, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. खरी गोष्ट अशी की मान हलवली असती तर त्या दारात उभा असलेला गार्ड माझा आहे, हे मी रोज साडेनऊला चारचौघांत कबूल केलं असतं. मला लाज वाटत होती. हे लिहितानाही वाटते, पण आता ती माझी मला वाटते.

मग मी जे केलं ते सरळ सांगते. मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. जुने साहेब बदलून गेले होते, हे नवे होते, माझ्याहून थोडेच मोठे. मी म्हटलं, "सर, गार्डचं ते सॅल्यूट वगैरे ग्राहकांसमोर बरं दिसत नाही." त्यांनी बेल मारली. मी माझ्या टेबलावर येऊन फाइलमध्ये डोकं घातलं. केबिनचं दार उघडंच होतं.

"मामा, उद्यापासून सॅल्यूट बंद. कुणालाच नाही करायचा. ही बँक आहे, छावणी नाही."

"जी, साहेब," आबा म्हणाले.

बाहेर येताना ते माझ्या टेबलाजवळून गेले. थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पायऱ्या चढले तेव्हा टाच वाजली, पण हात वर आला नाही. आबा सावधानमध्ये उभे होते, नजर समोर, उजव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर दाबलेली. मी सुटले, असं मला वाटलं. घरी आल्यावर आबांनी त्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. त्यांना माहीत होतं का मीच सांगितलं ते? चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे मला त्यांच्या प्रत्येक गप्प बसण्यात ते दिसायचं. जेवताना रेडिओवरच्या बातम्या आणि "मीठ दे" एवढाच आवाज. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रविवारी उगाच कपाट आवरायची, आणि ते बाहेरच्या खोलीत बसून बुटांना पॉलिश करायचे. बूट आधीच चकचकीत असायचे.

पुढच्या वर्षी ते मॅनेजर बदलून गेले आणि शाखेचा कारभार माझ्याकडे आला. केबिनमधल्या माझ्या पहिल्या सकाळी आबा आत आले आणि टेबलापुढे सावधानमध्ये उभे राहिले.

"काय आहे?" मी विचारलं.

"काय न्हाई, मॅडम."

पण ते गेले नाहीत. टोपी नीट होती, पट्टा नीट होता, नजर माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर. बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, लेकीला खुर्चीत बघायला आलेत. मला भरून आलं, आणि भरून आलेलं दिसू नये म्हणून मी जरा कोरडेपणानं म्हटलं, "जावा आता." ते वळून गेले.

तिथून त्यांच्या निवृत्तीपर्यंत सव्वा वर्ष मी त्या खुर्चीत होते. खुर्चीत बसल्यावर माणसाला आणखीच एकटं वाटतं, हे मला तिथं समजलं. मी आले की काउंटरवरचं बोलणं थांबायचं, चहा केबिनमध्ये वेगळा यायचा. त्या दिवसांत मला आबांच्या सॅल्यूटची आठवण येऊ लागली. शाखेत एक तरी माणूस माझ्याकडे सरळ बघून काहीतरी म्हणत होता, आणि त्याचं तोंड मीच बंद करून टाकलं होतं. रोज पायऱ्या चढताना मी मनाशी म्हणायची, आज केला तर मान हलवायची, आणि "जयहिंद, आबा" असं मोठ्यानं म्हणायचं, रांगेला ऐकू जाईल असं. आबांची टाच वाजायची. बोटं शिवणीवर दाबलेली. हात यायचा नाही. माझ्यावर राग धरून बसलेत, असा मी अर्थ लावला, आणि हळूहळू मलाही त्यांचा राग येऊ लागला.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, वडा आणि चहा झाला. सहकारी चांगलं बोलले. मीही बोलले, "आमचे गार्ड मामा" असं म्हणून, कारण घरातलं नातं तिथं काढायचं नाही हा त्यांचाच नियम होता. शाखा बंद व्हायच्या वेळी मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. आबांच्या डोक्यावर अजून टोपी होती. आज तरी, असं माझ्या मनात होतं. ते सावधानमध्ये आले. आम्ही एकमेकांसमोर उभे राहिलो, रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मग त्यांनी वळून शटर ओढलं, टोपी काढली, पट्टा सोडला, बंदूक, काडतुसं आणि शिट्टीसोबत सगळं मोजून शिपायाच्या हवाली केलं, आणि रजिस्टरवर सही करून बोडक्या डोक्यानं घरी चालत गेले.

घरी मी पर्स कॉटवर टाकली आणि सगळा राग एकदम बाहेर आला. "शेवटच्या दिवशी तरी करायचा होता, आबा. एवढं काय मनात धरून ठेवलंय?"

आबा बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"आडर हुती न्हवं, बंद करायची."

"ते साहेब बदलून गेले की कधीच."

"साहेब गेले. आडर कुठं गेली? खुर्चीवरच्यानं मागं घ्याय लागती." त्यांनी नाडी सोडली, दुसऱ्या बुटाकडे वळले. "खुर्चीवर तू हुतीस. पयल्या दिवशी आत येऊन उभा ऱ्हायलो की. म्हटलं, आता मागं घेशील. तू म्हणालीस, जावा."

"मग सांगायचं होतं मला. घरी सांगायचं होतं."

"खालचा माणूस वरच्याला सांगतोय व्हय, की मला सॅल्यूट करू दे म्हणून?" ते म्हणाले. "वाट बघायची असती. मी रोज बघत हुतो."

म्हणजे ती बोटं रोज सकाळी साडेनऊला शिवणीवर दाबून धरलेली होती ती माझ्या एका शब्दासाठी. आणि मी समोरून रोज मान हलवायची तयारी करून येत होते. मागच्या दाराची ती कडी आठ महिने बघितलेली मी. मला तरी कळायला हवं होतं.

"आता घेतली मागं," मी म्हटलं. "आबा, ऐकताय ना? ऑर्डर मागं घेतली."

आबांचा उजवा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला, आणि मग त्यांनी तो आपल्या पांढऱ्या केसांवरून फिरवला.

"टोपी जमा केली की गं आता," ते म्हणाले, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले.

दुसऱ्या दिवशी, शाहूपुरीत आल्यापासून पहिल्यांदाच, मी घरातून निघताना आबा घरात होते. मी बँकेत पोचले तेव्हा नवा गार्ड आलेला होता, एजन्सीचा माणूस, स्टुलावर बसून पेपर वाचत होता. मी पायऱ्या चढले, त्याच्यासमोर थांबले आणि मान हलवली. "जयहिंद," असंही म्हटलं, रांगेला ऐकू जाईल असं.

त्यानं पेपरातून वर बघितलं नाही. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले, आबा जिथं उभे राहायचे त्याच फरशीवर, आणि मग उत्तर न घेताच आत गेले.