समोरच्या भिंतीतली नळी

पत्राभाऊ कुणाच्याही घरात सरळ शिरत नसत. आधी घराभोवती एक फेरी मारीत, मान वर करून भिंती न्याहाळीत आणि मगच उंबरठ्याशी येत. "धूर कुठून निंगते ते पाह्यल्याशिवाय मी चाय पेत नाई," असे ते सांगत. गोंडपिपरीत पत्र्याच्या कोठ्या आणि धुराडी करणारा हा माणूस. त्यांचे खरे नाव मला कधी कळलेच नाही.

आमच्याकडे आले तेव्हा फेरी संपवून त्यांनी मलाच विचारले, "मॅडम, चिमणी लावली म्हन्ता, मंग भोक कुठी हाय?" मी छताकडे बोट दाखवले. जुने कवेलूचे, म्हणजे कौलांचे, घर पाडून मी आईसाठी स्लॅबचे घर बांधले होते. रसायनशास्त्राची पदवी, चंद्रपूरच्या प्रयोगशाळेतली नोकरी आणि हे घर, तिन्हींचा मला सारखाच अभिमान होता. चिमणीही मी हवेचा हिशेब मांडून, सर्वांत जोरदार निवडली होती. तरीही नव्या घरात आईचा दमा वाढत चालला होता. दोन वाक्ये बोलली की तिला धाप लागे.

पत्राभाऊंनी शिडीवर चढून स्वयंपाकघराच्या पीओपीच्या खोट्या छताचा एक तुकडा काढला. आतून काळे तेल ठिबकले. कंत्राटदाराने नळी छताखालच्या पोकळीतच सोडून दिली होती; समोरच्या भिंतीला भोक पाडायचे नाही, अशी ताकीद त्याला मीच दिली होती. "कवेलूतून धूर आपसूक जाये. इथी तुमी त्याले कोंडून राह्यले. अन् हे सापाची कात काऊन लावली?" घडीची नळी ओढत ते म्हणाले. "घडीघडीत तेल धरते. एखांद्या दिशी पेटन."

मी मागची भिंत सुचवली.

"तिथी शेजारच्या बाईची खिडकी हाय. तुमच्या आईचा खोकला तिले द्याचा काय?"

"पण समोरून काढली तर घराचे तोंड बिघडेल, भाऊ."

"तोंडाले काय चाटता? मायचा श्वास पाहा ना."

आई आतून हसली आणि हसता हसता खोकली. मी होकार दिला.

बांधकामाचे नियम मी त्यानंतर वाचले, हे कबूल केले पाहिजे. धूर छतात न सोडता थेट घराबाहेर न्यावा. नळी गुळगुळीत पत्र्याची, आखूड, कमी वळणांची असावी. तोंडाशी उलटा वारा अडवणारी झडप हवी. शेजाऱ्याच्या खिडकीपासून अंतर हवे. पत्राभाऊंनी यातले एकही कलम वाचलेले नव्हते आणि एकही सोडले नव्हते. स्वयंपाकघराची बंद खिडकीसुद्धा त्यांनी उघडायला लावली. "बाहेर काढाचं असन तं आत येऊ द्या लागते." हवेच्या माझ्या हिशेबात नेमके हेच राहून गेले होते.

काम करताना ते वारंवार थांबत, छातीवर हात ठेवत. अहेरीला भज्यांच्या हॉटेलात वीस वर्षे त्यांनी भट्टीपुढे काढली होती. "तवा आमच्यासाठी कोनी भोक नाई पाडलं," एवढेच ते म्हणाले.

शेवटी त्यांनी आईला तापल्या तेलात मूठभर लाल मिरच्या टाकायला सांगितल्या आणि स्वतः बाहेर नळीच्या तोंडाखाली जाऊन उभे राहिले. मी आत, श्वास रोखून. आई शेगडीपाशी न खोकता उभी होती. बाहेर मात्र पत्राभाऊ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकत होते आणि खोकता खोकता ओरडत होते, "आलं, बाई! सारं बाहेर आलं!"

दोन वर्षांनी त्या छातीनेच त्यांना नेले. निरोप आला तेव्हा आई भाताचे आधण ठेवत होती. गॅस बंद करून ती तिथेच खाली बसली आणि त्यांच्याविषयी बोलत बराच वेळ रडली. सवयीने मी तिचा श्वासाचा पंप घेऊन धावले. तिने तो माझ्या हातून घेतला, बाजूला ठेवला आणि रडत राहिली.