दुधाची पारख

"ओतून टाकलं म्हणजे? कुठे ओतलंत?" कामावरून नुकत्याच परतलेल्या सुनेने विचारलं.

"मोरीत. आणखी कुठे?" सासूबाई कॅनचं झाकण पुसत होत्या. "खाली निळसर पाणी, वर नावाला साय. असलं दूध घेऊन कुणी आपल्या दारात आला असता, तर पुन्हा उभा केला नसता मी."

घराच्या पुढच्या खोलीत दुधाचं दुकान होतं. सासूबाईंचं अर्धं आयुष्य तिथेच गेलेलं. दुधात बोट बुडवायचं, नखावरून थेंब कसा ओघळतो ते बघायचं आणि पाणी घातलेलं दूध बरोबर पकडायचं. सून शिंपी मास्तरांकडे शिवणकामाला जायची. निघताना तिने अंगावरचं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या वाटीतही आज तेच बोट बुडालं होतं.

"मग हिला दिलंत काय दिवसभर?"

"म्हशीचं. निम्मं पाणी घालून. बघ कशी ढाराढूर झोपलीय. तुझ्या दुधावर नुसती किरकिर."

सुनेने लेकीच्या पोटावर हात ठेवला. पोट ढोलकीसारखं ताठ, दुपट्यावर नासलेल्या दुधाची गुठळी. तीन महिन्यांचं पोर. तिने उचलून छातीशी धरलं, तर पोरीने तोंड फिरवलं. पान्ह्याने ब्लाउज भिजत होता आणि पोरीला तो नको होता. असंच चाललं तर दूध आटेल. मग सासूबाई म्हणतील, मी म्हटलंच होतं.

"अहो, तुम्ही तरी सांगा. आईचं दूध म्हशीच्या मापाने बघतात का?"

"आईला दुधातलं कळतं गं," नवरा कॅन उचलत म्हणाला. "आणि तू तरी दिवसभर असतेस कुठे?"

"हा वरच्या दुधावरच वाढला," सासूबाई म्हणाल्या. "काय वाईट झालं?"

"दिसतंय ते," सून म्हणाली.

नवऱ्याने कॅन जरा जोरातच खाली ठेवला.

ती भिंतीला टेकून बसली. पोरीच्या ओठांवर दुधाचा थेंब लावला, पुन्हा लावला. पोरगी रडली, अंग ताठ केलं, शेवटी दमून तिने तोंडात धरलं. घोट गिळल्याचा आवाज येईपर्यंत सून हलली नाही.

मग मान वर न करता म्हणाली, "उद्यापासून ही माझ्याबरोबर येईल. कापड कापायच्या टेबलाखाली टोपली मावते. मास्तरांना मी सांगेन. सहा महिने होईपर्यंत हिच्या तोंडात दुसरं काही जाणार नाही."