तिसरी तार

लातूर-नांदेडच्या तमाम रसिक बंधु-भगिनींना कळविण्यात येते की, खाली सही करणारा इसम — वय चोपन्न, धंदा गिटार — पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता एक गोष्ट सांगणार आहे. ती त्याने आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला तर मी न विचारलेलंही सांगतो.

बसा निवांत. मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही.

नांदेडला मी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात होतो. लग्नं, गणपती, पुढाऱ्यांचे वाढदिवस. साड्यांच्या एका दुकानासाठी जाहिरातीची चालही बांधली. रिक्षावरच्या भोंग्यातून ती गावभर फिरायची. कुणी गुणगुणताना दिसलं की मी थांबून सांगायचो — माझीय. मग लातूरला आलो आणि क्लास काढला. इथे पालक पहिल्यांदा विचारतात, "सर, ह्याचे धाव्वीला मार्क मिळतेत का?"

शिवलीलाच्या वडिलांनी ते विचारलं नव्हतं. बसवराजअप्पा, औशाच्या बाजारात भांड्यांचं दुकान. पोरगी सोळा वर्षांची, दर रविवारी एसटीने यायची. तिला गिटार वाजवायची होती, एवढंच. लहानपणापासून दुकानात बसलेली. घागर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायची सवय. चीर असली तर आवाजात कळते म्हणे.

आता माझी एक सवय सांगतो. गिटार मी लोकांसमोर सुरात लावायचो — डोळे मिटून, लाकडाला कान टेकवून. मशीन नाही, काही नाही. माझी एक लाडकी कॉर्ड आहे, म्हणजे तीन-चार सुरांची एकदम वाजणारी जुळणी, ती छेडायची आणि ती गोड वाटेपर्यंत तिसरी तार उतरवत न्यायची. त्या कॉर्डमध्ये गोडच वाटते. बाकीच्या कॉर्डमध्ये ती तार सुरातून खाली पडते. पण ऑर्केस्ट्रात शेजारी ढोलताशा असताना कोण ऐकणार? मी स्वतः तरी कुठे ऐकलं होतं?

क्लासचं वार्षिक गॅदरिंग होतं. पालकांनी हॉल भरलेला. मी डोळे मिटून गिटार लावली, पहिला तुकडा वाजवला, आणि पुढच्या रांगेतून शिवलीला म्हणाली, "सर, तिसरी तार उतरलीय." घागरीबद्दल सांगावं तसं. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, पोरगीच सरांची परीक्षा घ्यायलीय." हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो — मला सराव आहे.

हा किस्सा मी पुढे शंभर मैफलींत सांगितला. हमखास हशा. तुम्हीही कदाचित ऐकला असेल. पण इथपर्यंतच ऐकला असेल.

तिचं बरोबर होतं का? होतं. मला ते तिथेच, हसता हसता कळलं. एकदा ऐकू आलं की ते परत न ऐकल्यासारखं करता येत नाही. मग रविवारी अप्पा तिला घ्यायला आले, तेव्हा मी त्यांना चहा दिला, शिवलीलाला खाली थांबायला सांगितलं, आणि म्हणालो — अप्पा, पोरगी गुणी आहे, पण तिला कान नाही.

बस्स. हेच ते.

अप्पांनी उलट विचारलं नाही. सरांचा शब्द म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतरच्याही नाही. औसा काही लांब आहे का? बसल्यावर डुलकी लागायच्या आत येतं. मी गेलो नाही.

पंधरा वर्षांनी, गेल्या महिन्यात गेलो. सोलापूरकडे कार्यक्रम होता, पाठीला गिटार, आणि बायकोने पितळी तांब्या सांगितलेला. बाजारात भांड्यांची दुकानं चार. मी त्याच दुकानात शिरलो. गल्ल्यावर शिवलीला, चष्मा लागलेला. मी उचललेला तांब्या तिने पेराने वाजवला आणि बाजूला ठेवला. "हा नका घेऊ सर, चीर हाय." मला डोळ्यांनीही दिसली नाही. तिने दुसरा वाजवला, तिसरा वाजवला, आणि तो कागदात बांधायला घेतला.

खुर्चीत अप्पा होते, थकलेले. माझा हात धरून ते गिऱ्हाइकांना सांगू लागले, "ह्या सरांनी येळेवर खरं सांगितलं, म्हणून बरं. न्हाई तर पोरीची लई वर्षं वाया गेली असती." शिवलीला खाली मान घालून सुतळी गुंडाळत होती.

तेव्हा सांगता आलं असतं. अप्पा होते, ती होती, ऐकायला माणसं होती. अप्पा म्हणाले, "सर, वाजवा की कायतरी." मग मी काय केलं? पिशवी उघडली. डोळे मिटले, लाकडाला कान टेकवला, लाडकी कॉर्ड छेडली. हात आपोआप चालतात. वाजवलं. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या, अप्पांनीही वाजवल्या. आणि शिवलीलाने तोंडावर हात ठेवला खरा, पण तोवर शब्द बाहेर पडले होते.

"सर, तिसरी तार अजून उतरलेलीच हाय."