दोनशे बारा मिलिमीटर

ऑफिसात मला मागून ‘जासूस’ म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. हवामानाच्या कामात लोक ढग बघतात, वारा मोजतात, फुगे सोडतात. माझ्या वाट्याला कागद आले. विदर्भातल्या गावागावांतून दर महिन्याला पावसाचे तक्ते टपालानं नागपूरला यायचे. कुठे शाळामास्तर, कुठे पोस्टमास्तर, कुठे तहसिलीतला कारकून रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून आकडा लिहायचा, आणि तो आकडा खरा की खोटा हे ठरवायचं काम माझं. शंका आली की तांबड्या पेन्सिलीनं आकड्याभोवती गोल काढायचा, शेजारच्या गावांच्या पावसाशी ताडून पाहायचा, आणि पटलं नाही तर दुरुस्त करून पुढे पाठवायचा. पुढे म्हणजे भोकं पाडून आकडे नोंदवायच्या पंचकार्डांकडे. एकदा कार्डाला भोक पडलं की तो आकडा कायमचा खरा.

साठचं दशक संपता संपता मी नोकरीला लागलो, आणि दोनेक वर्षांत मला कळलं की माणूस पावसाबद्दलही खोटं बोलतो. एका मास्तरांच्या गावात रविवारी कधीच पाऊस पडत नसे, सोमवारी मात्र दुप्पट पडे. एका कारकुनाचा पाऊस नेहमी पाचाच्या पाढ्यात. एकानं तर महिना संपायच्या आधीच महिन्याचा तक्ता टपालात टाकला होता आणि त्यात शेवटच्या तारखेला आठ मिलिमीटर पाऊस पाडला होता. असल्या लोकांना पकडताना मला फार मजा यायची. हळूहळू ती सवय घरीही आली. मी दुधात बोट बुडवून बघे, रॉकेलच्या मापाचा तळ तपासे, पाहुण्यानं सांगितलेल्या गाडीच्या वेळेवरही विश्वास ठेवत नसे. बायको म्हणायची, “तुमी तर देवाचा अंगाराही तपासाले पाठवाल.” तिच्या बोलण्यात थट्टा कमी आणि वैताग जास्त असायचा.

पारशिवनीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातून येणारा तक्ता माझ्या विशेष नजरेत होता. तिथं प्राथमिक शाळेतले एक गुरुजी पाऊस मोजायचे. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही, तक्ता कधी एक दिवसही उशिरा नाही. पाच वर्षांत त्यांची एक चूक मला सापडली नव्हती, आणि नेमकं तेच मला सहन होत नव्हतं. खरं काम करणाऱ्याच्या कागदावर पाण्याचा डाग पडतो, शाई फुटते, एखादा आकडा खोडावा लागतो. इतकं स्वच्छ म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटे.

आणि मग एका श्रावणातल्या तक्त्यात तो आकडा आला. दोनशे बारा पूर्णांक चार मिलिमीटर, एका दिवसात. त्याच दिवशी शेजारच्या तीन केंद्रांवर किती? अठरा, एकतीस आणि पारशिवनीला चोवीस. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो, परत आलो आणि गोल काढला. दशांशाचं टिंब एक घर डावीकडे सरकवलं की एकवीस पूर्णांक दोन होतात, आणि शेजाऱ्यांच्या ओळीत कसे बरोबर बसतात. शिवाय एवढा पाऊस झाला तर तार करायची असा नियम होता आणि तार आलेली नव्हती. मी पत्र पाठवून खुलासा मागितला. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. ‘मोजले तेवढेच लिहिले आहे. पाणी राखून ठेवले आहे. आपण येऊन पाहावे.’

हे पोस्टकार्ड मला उद्धट वाटलं. पाणी राखून ठेवले आहे म्हणजे काय?

त्याच आठवड्यात आमच्या साहेबांकडे दुसरं एक पत्र आलं. त्या गावाशेजारी टंचाईच्या कामात बांधलेला मातीचा बंधारा त्याच दिवशी पहाटे फुटला होता आणि त्याची चौकशी लागली होती. बंधाऱ्यावरच्या मुकादमानं पिचिंगचा, म्हणजे उतारावर बसवायचा दगड चोरला, माती नीट दाबली नाही, असा आरोप होता. मुकादम म्हणत होता, पाऊसच असा झाला की कोणताही बंधारा फुटला असता. तर त्या दिवशीचा पाऊस किती, ते आपल्या कार्यालयानं प्रमाणित करावं. मी पत्र शेवटपर्यंत वाचलं. मुकादमाचं आडनाव आणि गुरुजींचं आडनाव एकच होतं.

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पाच वर्षांचा स्वच्छ तक्ता, आणि आता कळलं तो कशासाठी स्वच्छ होता ते! साहेब म्हणाले, “जाऊन बघून या. नोकरी जाईल त्या मुकादमाची. तुम्ही लिहाल तेच मी सही करून पाठवणार.” मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

पारशिवनीपासून पुढे भाड्याची सायकल. गुरुजी शाळेच्या फाटकाशी उभे होते, चाळिशीतले, धोतर-सदरा, पायात काही नाही. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. विहिरीचं पाणी, जिभेला जड. मी प्यायलो आणि कामाला लागलो. पर्जन्यमापक सपाट जागी होता, जवळ झाड नाही, छप्पर नाही. मी पाणसळ लावून पाहिली, नरसाळ्याचा व्यास मोजला, आतली बाटली उलटी करून पाहिली. कुठेही खोट काढता आली नाही, तसा माझा पारा चढत गेला.

“तार का नाही केली?”

“नाल्याले पूर होता जी. दोन दिवस पारशिवनीचा रस्ता बंद होता.”

“बंधाऱ्यावरचा मुकादम तुमचा कोण?”

“धाकटा भाऊ.”

त्यांनी लपवलं नाही, आणि त्यांनी लपवलं नाही याचीही मला शंका आली. मी म्हणालो, “मग हा आकडा कोणासाठी वाढला ते उघड आहे.”

गुरुजींनी बाटली उचलून पर्जन्यमापकात परत बसवली. मग म्हणाले, “साहेब, भाऊ माहा आहे. पाऊस माहा नाही.”

त्यांनी मला घरी नेलं. पाऊस मोजायच्या पुस्तकात लिहिलं होतं, असाधारण पाऊस झाल्यास पाणी पुन्हा मोजून खात्री करावी. ते फेकावं कधी, हे लिहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी फेकलंच नव्हतं. भिंतीतल्या देवळीच्या खाली वनस्पती तुपाचा रिकामा डबा होता, झाकणाच्या कडेला भोवती कणीक लिंपलेली. कणीक वाळून तडकली होती. मोजपात्र वीस मिलिमीटरचं. ते भरायचं, आकडा बोलायचा, बादलीत ओतायचं. मी स्वतः मोजलं. दहा वेळा पात्र काठोकाठ भरलं, अकराव्यांदा निम्म्याच्या वर. दोनशे अकराला जरा कमी. दीड महिन्यात थोडं उडालं असणार. गुरुजी माझ्या तोंडाकडे बघत होते. दारात त्यांचा भाऊ येऊन उभा राहिला होता, पंचविशीचा, दाढी वाढलेली.

मी विचारलं, “हे पाणी पावसाचंच आहे, विहिरीचं नाही, हे कशावरून?”

भावानं मान खाली घातली. गुरुजींनी मोजपात्र पुसलं, ठेवून दिलं आणि म्हणाले, “मग मी कायले राखलं जी?” बादली उचलून ते परसात गेले आणि सगळं पाणी पपईच्या बुंध्याशी ओतून आले. मी तोवर वही मिटली होती.

आता जी गोष्ट लिहितो ती मी अहवालात लिहिली नाही, बायकोलाही सांगितली नाही. मोजताना मी सवयीनं त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं होतं. जुन्या तुपाचा वास होता, पण पाणी जड नव्हतं. तासाभरापूर्वी त्याच गावच्या विहिरीचं पाणी मी प्यायलो होतो. फरक मला कळला होता. सायकलवरून परत येताना मी स्वतःला समजावलं की चव म्हणजे काही मापन नव्हे, शास्त्राला जीभ लागत नाही, आणि तीन केंद्रं एकीकडे असताना एकट्या गुरुजींचं, तेही ज्याचा भाऊ अडकलाय अशा माणसाचं, धरून चालणार नाही. आज वाटतं, मला हरायचं नव्हतं. एवढंच होतं ते.

मी एकवीस पूर्णांक दोन लिहिले. साहेबांनी सही केली. भावाची नोकरी गेली, चोर हा शिक्का बसला तो बसलाच, आणि तो गाव सोडून कामठीला गेला असं पुढे कानावर आलं. गुरुजींनी तक्रार केली नाही. पुढच्या महिन्याचा तक्ता ठरल्या दिवशी आला, तेच मोत्यासारखं अक्षर.

त्यानंतर त्या केंद्रावर मला कधीच गोल काढावा लागला नाही. शेजारी वीस तर इथे बावीस, शेजारी साठ तर इथे अठ्ठावन्न. आपल्या धाकानं माणूस सरळ झाला, अशी मी मनाशी नोंद केली. पुढे बढती मिळाली, ऑफिसात संगणकाचे लांबलचक छापील कागद यायला लागले, आणि पूल-मोऱ्या बांधणाऱ्यांसाठी विदर्भात एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडतो हे काढायचं काम माझ्याकडे आलं. कोणत्या केंद्राचे आकडे किती भरवशाचे, याची मी यादी केली. गुरुजींचं गाव मी सगळ्यात वर ठेवलं. ऑफिसातर्फे त्यांना प्रशंसापत्रही पाठवलं.

त्याच कामासाठी जुनी कागदपत्रं जमवताना धरणाच्या कामावरच्या एका छावणीतलं गाठोडं माझ्याकडे आलं. ती छावणी गुरुजींच्या गावापासून दीड कोसावर, डोंगराच्या अंगाला होती. तिथं आपोआप पाऊस नोंदवणारं यंत्र होतं. पाऊस पडेल तशी त्यातली लेखणी कागदावर वर चढते, दहा मिलिमीटर झाले की एकदम खाली येते आणि पुन्हा चढू लागते. तारीख बघून मी तो कागद बाहेर काढला. लेखणी त्या एका दिवसात बावीस वेळा खाली आली होती. मी तीनदा मोजलं. घड्याळ अडकलं असेल, कागद दुसऱ्या दिवशीचा असेल, कोणीतरी हातानं रेघा मारल्या असतील, सगळ्या शंका घेऊन झाल्या. एकही टिकली नाही. ढग डोंगराला अडकून त्या पट्ट्यावरच फुटला होता आणि शेजारच्या तीन गावांना त्याचा पत्ता नव्हता.

दोन दिवस तो कागद मी टेबलावरून हलवला नाही. तिसऱ्या दिवशी मी आकडा दुरुस्त करायची टिपणी लिहिली, वर भांडलो, सही-शिक्क्याचं नवं प्रमाणपत्र तयार करून घेतलं आणि टपालात न टाकता स्वतः घेऊन निघालो.

गुरुजी निवृत्त झाले होते, पण पाऊस अजून तेच मोजत होते. त्यांनी मला ओळखलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, मग आकडा मोठ्यानं वाचला, “दोनशे बारा पूर्णांक चार.” कागदाची घडी करून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

“भाऊ?” मी विचारलं.

“कामठीलेच असते. विणायच्या मागावर होता. डोळे गेले आता त्याचे, हे वाचून दाखवा लागन.”

“गुरुजी, माझं चुकलं. तेव्हाच कळलं होतं मला.”

ते म्हणाले, “चहा घ्या.”

चहा आला. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी सांगू लागलो, की तेवढं ते एक साल सोडलं तर आमच्याकडे त्यांच्याइतकं चोख केंद्र दुसरं नाही, इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही आकड्याला मी पेन्सिल लावलेली नाही. गुरुजींनी कप खाली ठेवला.

“साहेब, त्या सालापासून मी तुमाले मोजलेला पाऊस पाठवलाच नाही.”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं. रोज सकाळी ते पाणी मोजत आणि फेकून देत. आठवडी बाजाराला पारशिवनीला गेले की तहसिलीतले आठवड्याचे आकडे विचारून घेत, बाजारात दुसऱ्या गावचा माणूस भेटला की तिथला अंदाज घेत, आणि त्या सगळ्यांत बसेल असा आकडा तक्त्यात लिहीत. “मी मोजलेलं तुमाले पटत नव्हतं. मंग तुमाले पटन तेच लिहीत राहिलो.”

“खरे आकडे?” मी विचारलं. “वेगळ्या वहीत लिहून ठेवले असतील तुम्ही.”

“कायले ठेवू जी? ठेवलेल्या पाण्याचं काय झालं ते तुमी पाहालंच ना.” मग ते म्हणाले, “मले वाटलं तुमाले समजलंच असन. तुमी तर साऱ्यावर शंका घेता.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी चहा संपवला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. परसात पपई नव्हती, तिथं आता लिंबाचं रोप होतं. परत येताना एसटी कामठीला थांबली. खाली उतरून मागाच्या गल्ल्यांमध्ये जाऊन त्या माणसाला शोधावं असं फार वाटलं, आणि मी जागेवरून उठलो नाही.

गुरुजींचा त्या सालानंतरचा पाऊस अजून कार्डांवर आहे. त्यातला एकही आकडा खरा नाही, आणि एकाही आकड्याभोवती माझा गोल नाही.