समोरून आलेलं गिऱ्हाईक

काळेवाडीत माझं सेफ्टी शूजचं दुकान आहे. माळा भरलेला असला तरी "शेवटचाच जोड राहिलाय, भाऊ," म्हटलं की गिऱ्हाईक पटकन घ्यायचं. मग समोर दुसरं दुकान उघडलं. तो माणूस चक्क म्हणायचा, "हा बूट तुम्हाला चावेल, राव. नका घेऊ." असा कुठे धंदा होतो का? पण गर्दी मेली त्याच्याकडेच! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा त्यानेच चाकणच्या कंपनीतला एक कामगार माझ्याकडे पाठवला. "तुमच्या मापाचा चांगला बूट समोर मिळेल," असं सांगून. कामगाराने घासाघीस न करता जोड घेतला, तिथेच पायात घातला आणि रस्ता ओलांडून त्याचे आभार मानायला गेला.