चहावरची साय

समस्त बीड जिल्ह्यातील नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आजपासून कुणीही, कुठंही, कितीही वेळ लावून चहा प्यायला हरकत नाही. फुंकर घाला, बशीत ओता, साय धरू द्या. तुमच्या कपाकडं बघून तुम्हाला चोर ठरवणारा माणूस गेला. खाडे दादा गेले.

त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात बारावीच्या वर्गावर होतो. "मास्तर, दादा गेले," एवढंच तो बोलला. मी वर्ग सोडला, स्टाफरूममध्ये आलो. शिपायानं सवयीनं चहा पुढं ठेवला आणि मी तो घाईघाईनं, जीभ भाजत प्यायलो... कुणी बघत नव्हतं तरी.

दादा फौजदार म्हणून निवृत्त झाले. मारहाणीची त्यांना किळस होती. "मारलं की माणूस काय बी बोलतो मास्तर, मी माणूस वाचतो," असं म्हणायचे. वाचायची पद्धत अशी, की संशयिताला खुर्चीवर बसवायचं, कान तुटलेल्या पांढऱ्या कपात चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. निर्दोष माणसाला घरी जायची घाई असते, तो चहा गरम पितो. गुन्हेगाराच्या घशाखाली घोट उतरत नाही. चहावर साय धरली की दादांच्या मनात आरोपपत्र तयार! यातून काही चोर खरंच सापडले, हे मान्य केलं पाहिजे. मग त्यांच्या तपासांच्या आठवणींचं पुस्तक करायचं आमच्यात ठरलं. रविवारी सकाळी ते सांगायचे, मी लिहायचो. लिहायचो म्हणजे काय, नटवायचो!

सातवं प्रकरण माझं लाडकं. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, एका राखणदाराचं डोकं फुटलं होतं. संशय आला रफिकभाईवर. युसूफ वडगावात जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान, तांब्याची तार कायम हाताशी. दादांनी चहा ठेवला. त्यानं हात लावला नाही. "रोजा हाय सायब," म्हणाला. दादा हसले, "रमजान होऊन दोन महिने झाले बे. मला शिकवतो?" चहावर साय धरली. रफिकभाई आत गेला.

मी लिहिलं की त्याच्या ओठावर घाम डवरला. दादा म्हणाले, "घाम न्हवता मास्तर." मी म्हणालो, "दादा, वाचकाला घाम लागतो." त्यांनी मान डोलावली. पुस्तक निघालं. बीडला प्रकाशनात मी ते प्रकरण साभिनय वाचलं, समोर कप ठेवून, घड्याळ बघत. टाळ्या थांबेनात. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा प्रयोग.

प्रकाशनानंतर आठ महिन्यांनी खरे चोर दुसऱ्याच जिल्ह्यात सापडले आणि कोर्टानं रफिकभाईला सोडलं. रमजानात तो तापानं फणफणला होता, सुटलेले रोजे नंतर एकेक करून भरून काढत होता. इतकं साधं होतं. ठाण्यासमोरच्या मुसलमान फळवाल्याला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण कोर्टानं सोडलेला माणूस माझ्या पुस्तकात अडकून राहिला. आम्ही नाव बदललं होतं, पण मोटारी भरणारा युसूफ वडगावात एकच. गिऱ्हाईकं त्याच्यापुढं चहा सरकवून म्हणायची, "बघू, पितो का!" त्यानं दुकानात चहा मागवणंच बंद केलं.

दादा एकटेच त्याच्याकडं जाऊन आले. काय झालं ते कधी बोलले नाहीत. मग स्वतःच्या हातानं एक पान लिहून माझ्याकडं आणलं. "मी चुकलो. तो माणूस उपाशी होता आणि खरं बोलत होता. घाम आला नव्हता." म्हणाले, "छापून घ्या अन् हरेक पुस्तकात चिकटवा." उरलेल्या प्रती माझ्याच घरी, पलंगाखाली होत्या. एका दुपारचं काम. पण त्या पानानं माझं सातवं प्रकरण मरत होतं... मी "बघू" म्हणालो. तीन वर्षं बघत राहिलो.

शेवटच्या भेटीत दादा खाटेवर होते, आवाज बसलेला. दादांच्या बायकोनं, काकूंनी, मला चहा दिला. "चिकटवलं का?" दादांनी विचारलं. मी म्हणालो, "चिकटवलं दादा." ते माझ्या कपाकडं बघत राहिले. मीही खाली बघितलं. साय धरली होती. "चहा प्या मास्तर," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. जन्मभराच्या त्या पद्धतीवर मी नंतर खूप चिडलो, पण त्या दिवशी तिनं बरोबर माणूस पकडला.

तेराव्यानंतर मी ते पान खिशात घालून त्यांच्या घरी गेलो. काकूंना देऊन मोकळं व्हावं, एवढीच माझी हिंमत. घर अजून पाहुण्यांनी भरलेलं होतं. दादांच्या खोलीत फोटोला हार होता आणि खिडकीत तो कान तुटलेला कप. निवृत्त होताना दादांनी तो ठाण्यातून मागून आणला होता. तेवढ्यात रफिकभाई दारात. चप्पल काढून आत आला, काकूंना सलाम केला, कोपऱ्यात टेकला. काकूंना कपाचं काय माहीत? हाताशी होता तोच त्यांनी घेतला, विसळला, चहा भरून त्याच्यापुढं ठेवला.

मी खिशातलं पान काढलं. काकूंना द्यायचं सोडून सगळ्यांसमोर वाचलं. ना अभिनय, ना आवाजाचे चढउतार. तीनच वाक्यं, पण तिसऱ्याला मी अडखळलो. घाम माझा होता.

रफिकभाईनं ऐकून घेतलं. माझ्याकडं बघितलंही नाही. कप उचलला, वाफाळता चहा एका दमात घशाखाली ओतला, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबला नाही. रिकामा कप फोटोपुढं ठेवला आणि भरल्या घरात मोठ्यानं म्हणाला, "पिलो सायब. आता जाऊ का घरी?"