दाजींचं वय

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, चौतिसाव्या वर्षी सुयांच्या कारखान्यातले सगळ्यात वयस्कर टोकवाले झाले. थट्टा नाही. तारेच्या तुकड्याला फिरत्या कोरड्या दगडावर टोक काढायचं, आणि पोलादाची भुकटी थेट छातीत. पस्तिशी कुणी ओलांडत नसे. म्हणून मजुरी दुप्पट, अन् ऐट चौपट! दाजींचा मखमली कोट बघून पाहुणे त्यांनाच मालक समजायचे. मी त्याच कारखान्याच्या कचेरीत विरलेल्या सदऱ्यात पत्रं लिहायचो. आज ऐंशीचा आहे आणि तोंड अजून बंद नाही.

दाजी खोकू लागले. धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा निघाला होता, मालक बसवायला तयार होते. कारागीरच अडून बसले. माणसं जगली तर कामाला हात वाढणार, मग मजुरी उतरणार!

“आम्ही लवकर मरतो म्हणून तर आम्हाला मोल आहे, वहिनी,” विशीतला एक टोकवाला, लंबू, ताईला घरी येऊन सांगून गेला.

दाजी म्हणाले, “अगं, मी पंखा लावला तर सगळे वाळीत टाकतील.”

“टाकू देत. वाळीत टाकलेला नवरा संध्याकाळी घरी तरी येतो.”

ताईपुढे कुणाचं चाललंय? दाजींच्या एकट्याच्या चाकाला पंखा बसला. नऊ वर्षं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. रात्री पंख्याच्या नळीत बाकीचे चिंध्या कोंबायचे. दाजी रोज सकाळी त्या उपसायचे आणि मुकाट कामाला बसायचे. तेवढ्या काळात शेजारच्या चाकावरची चार माणसं खोकून खोकून गेली.

एके दिवशी मी निरोप घेऊन गेलो, तर सगळी चाकं थांबलेली. दाजींच्या कानशिलावर एक पांढरा केस दिसला होता.

“भुकटी असेल,” कुणीतरी म्हणालं.

लंबूने बोट ओलं करून घासलं. केस पांढराच. मालकांच्या वडिलांचं कापसासारखं डोकं सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ते मालकांचं घराणं. टोकवाल्याचा पिकलेला केस त्या छपराखाली कुणी जन्मात पाहिला नव्हता. एकेक जण पुढे येऊन बघत होता, हात पुसून. मीही, त्यांचा मेहुणा, निरोप विसरून त्या रांगेत उभा राहिलो.

लंबूला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, “दादा, हा पंखा बसवायला किती वेळ लागतो?”

“जेवणाच्या सुट्टीत होईल,” दाजी उठले. “शिडी धर.”